आधी आतली बाजू

चाचा, हॅमस्टर म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. उंदराच्या जातीचं, मुठीत मावणारं, जवळजवळ बिनशेपटीचं जनावर. लोक हौसेनं पाळतात. माझ्या मुलीच्या मैत्रिणीचं घर पुण्याला हललं आणि तिचा हॅमस्टर महिन्यापूर्वी आमच्याकडे आला. सोबत आलेला पिंजरा चपलांच्या खोक्याएवढा. मुलगी म्हणाली, मोठा विकत आणू. मी म्हटलं, आपल्या घरात पिंजरा विकतचा? तिनं कपाळाला हात लावला. कारण पुढचं वाक्य तिला पाठ आहे. मला कुणी काही शिकवलं नाही, जे येतं ते डोळ्यांनी बघून आणि हातानं करून आलं. माझ्या शेडवर ग्रिल करून घ्यायला येणारं गिऱ्हाईक चहा पिईपर्यंत हे एकदा तरी ऐकतंच. आज मात्र सकाळपासून ते वाक्य एकदाही म्हटलेलं नाही. तीनदा शेडवर जाऊन आलो, तिन्ही वेळा काही न करता परत आलो. शेवटी हा कागद घेऊन बसलो.

डबा मी निवडून आणला होता. चादरी ठेवायचा, पारदर्शक प्लॅस्टिकचा, बत्तीस इंच लांब, वीस रुंद. झाकणाला एक खिडकी आणि लांब बाजूला एक. गुण्या लावून आखणी केली, पाती तापवून कापलं, रेघेच्या बाहेर केसभरसुद्धा गेलो नाही. वर पाव इंची जाळी बाहेरून बसवली, दर तीन इंचांवर बोल्ट, आणि सगळ्या बोल्टांच्या डोक्यांवरच्या खाचा एका दिशेला. बायको म्हणाली, त्या उंदराला खाचा मोजता येतात का? मी हसलो नाही. जाळीची कापलेली टोकं कडेवरून आत वळवली, म्हणजे येताजाता कुणाच्या हाताला ओरखडा नको. ग्रिलच्या कामात हीच सवय लागलेली. बघणारा ज्या बाजूला उभा राहतो, ती बाजू आरशासारखी पाहिजे. डबा दिवाणखान्यात टीपॉयवर ठेवला, शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. मुलगीही खूश होती. फोटो काढून तिनं त्या मैत्रिणीला पाठवला.

हे जनावर चढतं, हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी अंथरलेल्या कागदाच्या कपट्यांवर लाल ठिपके दिसले. पुढचा उजवा पंजा फाटला होता. जाळीवरून उतरताना माझ्याच वळवलेल्या तारेत अडकला असणार. डॉक्टरांनी जखम धुतली, औषध दिलं आणि विचारलं, एवढी धारदार वस्तू पिंजऱ्यात आली कुठून? मुलगी माझ्याकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिनं त्याला जुन्या लहान पिंजऱ्यात ठेवलं आणि सांगून टाकलं की रविवारी ती त्याला कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडे देऊन येणार. आपल्या घरात तो राहायला नको. मी म्हटलं, अगं, टोकं कापून टाकतो, दहा मिनिटांचं काम. तेव्हा ती शांतपणे बोलली.

"पप्पा, तुम्हाला कुणी शिकवलं नाही ना? मग तेच झालंय."

चाचा, आजवर मला कितीतरी लोक बोलले आहेत, मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. पण हे लागलं, कारण मला कुणी शिकवलं नाही हे खरं नव्हतं. आणि ते खरं नाही हे घरात मला एकट्यालाच माहीत होतं.

शिवाजी पेठेतल्या तालमीशेजारचं तुमचं दुकान. पुढे पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या मांडलेल्या, मागे कबुतरांचे, पोपटांचे पिंजरे. मी तेव्हा अठ्ठावीसचा, टेम्पोतून पत्रा पोचवणारा. पत्रा उतरवायला दहा मिनिटं लागायची आणि मी तासभर थांबायचो. शिकवा म्हणायला जीभ वळत नव्हती. लग्न झालेला माणूस, त्यानं कुणाच्या हाताखाली बसायचं, असं वाटायचं. तुम्ही ते ओळखलं होतं. मी दिसलो की मान वर न करता म्हणायचात, "या पावणं. आज बी नुसतं बघायलाच न्हवं?" मी म्हणायचो, नुसतंच. मग तुम्ही कातर जरा हळू चालवायचात. कड दुमडताना पेटी माझ्या बाजूला फिरवून धरायचात. सांध्याला कथलाचा डाग देताना उजेडातून सरकायचात. हे सगळं तुम्ही माझ्यासाठी करत होता, हे कळायला मला फार वर्षं लागली असं लिहिणार होतो. पण ते खोटं होईल. तेव्हाच कळत होतं. कळूनच मी दीड वर्ष येत राहिलो.

एकदा तुम्ही जेवायला घरात गेला होता, तेवढ्यात मी उरलेल्या पत्र्याजाळीतून एक पोपटाचा पिंजरा पुरा केला. बाहेरून असा घासला की तोंड दिसावं. तुम्ही आलात, पिंजरा मांडीवर घेतला आणि तुमच्या पद्धतीनं तपासायला लागलात. डोळे रस्त्याकडे आणि हात आत. तोही तळवा नव्हे. तळवा निबर असतो, त्याला काय कळतंय, म्हणायचात. हाताची उलटी बाजू प्रत्येक कडेवरून, प्रत्येक कोपऱ्यातून. हात बाहेर काढला तेव्हा बोटांच्या मागे रक्ताची बारीक रेघ होती. तुम्ही ती लुंगीला पुसलीत. मला वाटलं, आता शिवी येणार.

"पावणं, पोपट काय रस्त्यावर हुबा ऱ्हाऊन पिंजरा बघणार हाय व्हय? त्यो आत ऱ्हाणार की. ज्यात जीव ऱ्हातोय, त्याची आतली बाजू आधी करायची. बाहेरचं मागनं, जमलं तर."

मग तुमची अर्धगोल कानस माझ्या हातात दिलीत. पेरूच्या लाकडाची मूठ, तुम्ही स्वतः तासलेली, अंगठा बसतो तिथं तुमच्या खुणेच्या खाचा. त्या कानशीनं मी पिंजऱ्याची आतली बाजू दुपारभर घासली. परत द्यायला गेलो तर म्हणालात, ठेवा, मोकळ्या हातानं पावण्याला वाटंला लावत न्हाईत.

तुम्ही गेलात ती बातमी मला एका गिऱ्हाइकाकडून कळली. शेड तेव्हा नुकती नावारूपाला येत होती. तुमच्या मातीला सगळी पेठ जमणार आणि त्यात कुणीतरी म्हणणार, हा चाचांकडेच शिकला की. मी घरी सांगितलं, आजऱ्याला मापं घ्यायला जायचंय. खरोखर गेलो आजऱ्याला. मापं घेण्यासारखं तिथं काही नव्हतं. स्टँडवर चहा पिऊन परत आलो.

परवा बसून डब्यावरचे सगळे बोल्ट काढले. जाळी आता आतून लावली. तिची टोकं दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या मधे दाबून टाकली, पट्ट्यांच्या कडा तुमच्या कानशीनं गोल केल्या. बोल्टांची गोल डोकी आत, नट आणि शेपट्या सगळ्या बाहेर. कापलेलं प्लॅस्टिक त्याच्या दाताला लागू नये म्हणून त्यावरही पट्टी. बाहेरून आता तो डबा कुरूप दिसतो, चाचा. साळिंदरासारखा. शेजारी बघतील तर हसतील.

आज रविवार. सकाळी मुलगी तो लहान पिंजरा उचलून चपला घालत होती. मी डबा तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, जायचं तर जा, पण आधी आत हात घाल. तळवा नको, उलटा हात फिरव. तिनं पिंजरा खाली ठेवला आणि हात आत घातला. घाई केली नाही तिनं. चारी कोपरे, दोन्ही खिडक्या, झाकणाची कड. मग हात उजेडात धरून बघितला. काही नव्हतं. चपला काढल्या, जनावराला उचलून डब्यात सोडलं. ते लंगडत कागदाच्या ढिगाखाली शिरलं.

"हे उलट्या हाताचं कुठं शिकलात?"

मी म्हटलं, "होते एक चाचा. त्यांच्याकडे पावणा होतो मी." ती पुढं विचारणार होती. मी कानस पुसायच्या निमित्तानं उठलो.

ती कानस आता या कागदाशेजारी आहे. मूठ गुळगुळीत आहे. शेड टाकली त्याच महिन्यात मी पॉलिश पेपरनं तुमच्या खाचा घासून काढल्या होत्या, कुणी विचारू नये म्हणून. आज चाकू घेऊन बसलो, म्हटलं परत पाडाव्यात. जागा माहीत आहे. खोली माहीत आहे. पण दोन होत्या की तीन, ते काही केल्या आठवत नाही.