काट्याने दाखवलं तेवढंच

पौड, ८ जानेवारी २०१०

प्रिय उत्कर्षा,

तुझ्या दहावीतली ती दुपार आठवते? डबे धुऊन तुम्ही मुली ओल्या हातांनीच प्रयोगाला बसायचात आणि मी ओरडायचे. त्या दिवशी सेलला व्होल्टमीटर लावला तेव्हा काटा दीडवर होता. छोटा दिवा जोडताच तो एक पॉइंट दोनवर उतरला. बाकी सगळ्यांनी पुस्तकाप्रमाणे दोन्हीकडे दीड लिहिलं. तू दिसलं ते लिहिलंस. मी ते लाल शाईने खोडलं आणि गुण कापले.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला वही स्वच्छ ठेवायला शिकवलं होतं. वहीपेक्षा काटा खरा, हे नव्हे. दुसऱ्या दिवशी तुझी आई, चांगुणाबाई, कासार आंबोलीहून खुरपं हातात घेऊनच आल्या. "बाई, पोरीला चार फटके द्या, पन न्हाई दिसलं ते लिवायला लावू नगा." मी तासाची घंटा झाल्याचं सांगून वर्गात निघून गेले. त्या गुणांपायी विज्ञानाचं बक्षीस तुझ्या हातून गेलं.

पुढे इंजिनिअरिंग कॉलेजातून तुझं पत्र आलं, त्यात तू समजावलं होतंस: भार कितीही पडो, व्होल्टेज तसंच ठेवणारा स्रोत फक्त कागदावर असतो. खऱ्या सेलच्या पोटातच थोडा रोध असतो, म्हणून दिवा जोडला की काटा उतरतो. प्रवाहाचा स्रोत वेगळा, तो समोर काहीही जोडलं तरी प्रवाह तेवढाच ठेवायला बघतो. आणि काही स्रोत परावलंबी, सर्किटात दुसरीकडे काय चाललंय त्यावर चालणारे. किती सोपं लिहिलं होतंस! एक टोमणा नाही. मी तीनदा वाचलं आणि उत्तरात 'अक्षर सुधार' एवढंच कळवलं.

आता पिरंगुटच्या कारखान्यात तू एलईडी दिव्यांसाठी स्थिर प्रवाहाचे स्रोत बनवतेस. परवा संध्याकाळी भुकूमच्या नव्या सोसायटीत ते दिवे दिसले. "माझ्या मुलीने केलेत," मी बसमधल्या शेजारणीला सांगून टाकलं. मला मूलबाळ नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

सोळा तारखेच्या शनिवारी शाळा माझा सत्कार करते आहे, तुला घडवलं म्हणून. तुला ठाऊक नाही ते आधी सांगते. त्या प्रयोगाच्या दिवशी तुम्ही मुली गेल्यावर मी नवा सेल लावून पाहिला होता. काटा उतरलाच. बक्षीस जाहीर व्हायला आठ दिवस होते, तरी मी गप्प राहिले. शनिवारी हे सगळ्या वर्गांसमोर सांगणार आहे. तू ये. शाल चांगुणाबाईंना द्यायची, श्रीफळ प्रयोगशाळेचा शिपाई प्रमोद याला, तो नवा सेल त्यानेच काढून दिला होता. सन्मानचिन्ह तुझं. त्यावर माझं नाव कोरलंय. ते बदलून तुझं कोरायला बाजारातल्या नावं कोरणाऱ्या पियूषला सांगून ठेवलंय.

तुझीच,
आशालताबाई