फेटाळलेली दुरुस्ती

तंजावूर

प्रिय रमण,

मेलला तू उत्तर देत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. देवनागरी लिहायची सवय मोडली आहे. चुकांना हसलास तरी चालेल, निदान हसशील तरी.

आपली लायब्ररी चालू आहे. राजवाड्यामागच्या गल्लीत ‘माझी लायब्ररी’ म्हटलं की लोकांना सरस्वती महाल ग्रंथालयातली पुस्तकंच आठवतात. वेबसाइटवर नकाशा दाखवायला कुणीही फुकट घ्यावा असा कोड, हे तुझ्या आईला, म्हणजे वरलक्ष्मी काकूंनाही समजावून मी दमले. तू काम सोडल्यापासून वर्षभरात एकटीने तीन आवृत्त्या काढल्या. नकाशा आता निम्म्या वेळात उघडतो. कुठून कुठून तक्रारी येतात, त्या सोडवते आणि मनातल्या मनात तुझ्याशी भांडते.

भांडणारच. कोडमधली तुझी शेवटची दुरुस्ती मी नाकारली. टेकवलेलं बोट जरासं हललं तरी नकाशा सरकू नये, एवढीच होती ती. मी लायब्ररीच्या पानावर सगळ्यांसमोर लिहिलं, ‘हे हवंय कुणाला? एखाद्या माणसासाठी सगळ्यांचा नकाशा जड करायचा नाही.’ तू एक अक्षर न बोलता काम सोडलंस. दोन महिन्यांनी तुझे अप्पा गेले. मी समाचाराला आले, तर तू उठून आत गेलास. ज्या अप्पांनी तीस वर्षं लोकांची शेतं मोजली, घरापुढच्या तिण्णैवर, त्या ओट्यावर बसवून आपल्या दोघांना नकाशे वाचायला शिकवलं, त्यांच्या दुःखातही तू कोडमधलं भांडण धरून बसलास, असं वाटलं मला. फार राग आला होता.

गेल्या शुक्रवारी काकूंनी बोलावलं. अप्पांचा टॅबलेट सुरू होत नव्हता आणि त्यांना त्यातले फोटो हवे होते. सुरू झाला तेव्हा गावांच्या जुन्या मोजणीचं पान उघडंच होतं, आपल्याच लायब्ररीवर चालणारं. काकू सांगू लागल्या. तिरुवैयारुकडे स्वतः पुरलेले मोजणीचे दगड अप्पा त्यावर शोधायचे. हात फार थरथरायला लागले होते. शेतावर बोट टेकवलं की नकाशा कावेरीपलीकडे निघून जायचा. दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. शेवटी टॅबलेट बाजूला ठेवून म्हणायचे, “असूं दे. हरिता आहे की. ती करील नीट.”

काकूंना आपल्यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी दिलेली कॉफी मी कशीबशी प्यायले. घरी येऊन तुझी दुरुस्ती घेतली, तुझ्याच नावाने. जिथे ते वाक्य लिहिलं होतं तिथेच माफीही मागितली, सगळ्यांना दिसेल अशी. कुणासाठी करतो आहेस, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. परत ये म्हणायला हे पत्र लिहीत नाही, तो हक्क मला राहिलेला नाही. मला फक्त एक सांग, रमण. ती दुरुस्ती मीच नाकारली, हे अप्पांना कळलं होतं का?

तुझीच,
हरिता