मासे धुरवायच्या भट्टीचा विमा

आस्गर,

मी बंदरावर हेरिंग मासे आणायला जातेय. विमावाला येईल. त्याला कॉफी दे आणि आगीचा मोठा विमाच घे, भट्टी बंद राहिली तर बुडालेली कमाई भरून देणारा.

"बाबांनी कधी काढला होता विमा?" म्हणून काल माझ्यावर डाफरलास. नव्हता काढला. भट्टीला आग लागली तेव्हा अख्खी गल्ली बादल्या घेऊन धावली होती. इंगाकाकूंनी तर ईस्टरपर्यंत त्यांची भट्टी आपल्याला वापरू दिली. त्यांच्या पायरीवर बसून आपण गरम हेरिंग खायचो, आठवतं?

हट्ट सोड आणि सही कर. गल्लीतली ती सगळी घरं आता उन्हाळ्यात सुट्टीपुरतं येणाऱ्यांची झालीत. जुलै सरला की गल्लीत दिवा फक्त आपलाच लागतो.

— मारेन