नोंदणी खोलीची कोरडी भिंत

मी, खाली सही करणारी, नगर कार्यालयाच्या इमारतीची निवृत्त दुरुस्ती अभियंता, गुडघे सोडले तर शरीराने धडधाकट आणि मनाने पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाला, गोड बोलण्याला किंवा फुलांच्या गुच्छाला बळी न पडता हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. ‘मनाने पूर्ण शुद्धीवर’ हे शब्द सगळेच घालतात. माझ्या बाबतीत ते कोर्टात टिकावेत अशी मी खास व्यवस्था केली आहे, ती शेवटी येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वेळ कुठे होता?

कलम पहिले. घर. भांडण होईल ते यावरूनच, म्हणून आधी हेच उरकते.

नगर कार्यालयाच्या पूर्वेला, मधे एक गल्ली सोडून, माझे कौलारू घर आहे. खाली दोन खोल्या, वर माळा, मागे हौद. निवृत्त होताना हाती आले ते सगळे घालून मी ते घेतले. “अगं, ऑफिस सुटलं एकदाचं, आणि पुन्हा ऑफिससमोरच येऊन बसलीस?” असे माझी धाकटी बहीण म्हणाली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, घरे बांधणाऱ्यांच्या धंद्यात आहे. त्याला माझ्या जागेवर उंचच उंच इमारत दिसते. त्याची नजर चांगली आहे. मलाही ती दिसली होती, म्हणून तर मी घर घेतले. ती इमारत उभी राहिली, तर नगर कार्यालयाचा वारा अडेल आणि त्याच्या भिंती पुन्हा घामाघूम होतील. हे कळायला इमारतीची गोष्ट माहीत हवी. वकील म्हणाले, “मृत्युपत्रात इतिहास लिहीत नाहीत, ताई.” मी म्हटले, तुमच्या फीमध्ये ऐकून घेणेही धरले आहे, घ्या लिहून.

जुने कार्यालय आगीत गेले, तेव्हा त्या काळच्या मंडळींनी ठरवले की आता बांधायचे ते जळणार नाही आणि कोंदटणारही नाही. म्हणून जोते घडीव दगडाचे, भिंती विटांच्या आणि हातभर रुंद, गिलावा चुन्याचा, जिना दगडी. पूर्वेला माणसाच्या दुप्पट उंचीच्या खिडक्या, पश्चिमेला छताखाली झरोके, आणि झरोक्यांच्या मागून वर चढत जाणारा मनोरा. लोकांना वाटते मनोरा घड्याळासाठी बांधला. छे! घड्याळ पुढे कोणीतरी भेट दिले, ठेवायला जागा नव्हती म्हणून तिथे चढवले, आणि तेव्हापासून ते मागेच चालते. मनोरा हे इमारतीचे नाक आहे. खिडक्यांतून गार वारा आत येतो, तापलेली हवा झरोक्यांतून मनोऱ्यात शिरते आणि वरून बाहेर पडते. चुन्याची भिंत ओल पिते आणि त्या वाऱ्याला देऊन टाकते. किती साधे आणि किती हुशारीचे काम! पूर आला तेव्हा खालची अख्खी वस्ती याच दालनांत राहिली होती. याच नोंदणी खोलीत माझेही लग्न नोंदले गेले. नवरा वरच्या मजल्यावर नकाशे काढायचा. “तुला मागणी घालावी की तुझ्या त्या लाडक्या मनोऱ्याला, तेच कळत नव्हतं,” असे तो जाईपर्यंत म्हणत असे.

मग आमचे मुख्य अभियंता आले. त्यांना अख्खे ऑफिस पाठीमागे काचसाहेब म्हणायचे, कारण त्यांच्या स्वप्नात फक्त काचेच्या इमारती यायच्या. एकदा कोणी बडे पाहुणे आले असता मनोऱ्यातल्या कबुतराने त्यांच्या खांद्यावर आपला शिक्का उमटवला. काचसाहेब लाजेने लालबुंद झाले. त्यांनी मनोऱ्याची तोंडे सिमेंटने बुजवून टाकली आणि आतल्या सगळ्या भिंतींना चकचकीत ऑइल पेंट लावला. का, तर भिंती धुता येतील. भिंत म्हणजे काय जेवणाचे ताट आहे?

इमारतीचे नाक दाबले आणि अंगात रेनकोट घातला. दोन-तीन वर्षांत रंगाला फोड आले, भिंती पाझरू लागल्या, आणि एके दिवशी लग्न नोंदवायला आलेल्या जोडप्याच्या मधोमध टेबलावर गिलाव्याचे हे एवढे ढेकूळ आदळले. नवरी नवऱ्याला म्हणाली, “अजून सही केलेली नाही, विचार कर.” त्याने केली, शूर माणूस. दुसऱ्या दिवशी दारावर बोर्ड लागला, ‘इमारत धोकादायक. प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर.’ आम्ही सगळे रोज स्वतःच्या जबाबदारीवर कामाला जात होतो आणि काचसाहेब काचेच्या टॉवरचे नकाशे मागवत होते.

पाडायचे ठरवण्याच्या बैठकीत मी उठून उभी राहिले. म्हटले, इमारत म्हातारी झालेली नाही, आपण तिला आजारी पाडले आहे. काचसाहेबांनी चष्मा काढला. “बाई भिंतींशी बोलतात. यांचं डोकं ठिकाणावर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नोंदवून घ्या.” लेखनिकाने मान खाली घालून नोंदवले. अंगाची नुसती आग आग झाली माझ्या. मी म्हटले, “आता माझंही नोंदवा. मला ही एक नोंदणी खोली द्या. तपासणी समिती येईपर्यंत तिची भिंत कोरडी झाली नाही, तर पहिली कुदळ मी मारीन.” खोली मिळाली. मी हरणार या खात्रीनेच ती दिली गेली, पण मिळाली.

माझ्याबरोबर होता गवंडीदादा. आमचे पहिल्या दिवसापासून वाजले. “बाई, चार पोती सिमेंट आणा, आठ दिवसांत आरसा करून देतो.” मी म्हणे, चुनाच. तो म्हणे, चुना लावायचे दिवस गेले. तरी रंग खरवडून काढला, मनोऱ्याची तोंडे फोडली, झरोक्यांना नव्या दोऱ्या लावल्या, चुना भिजवला, गिलावा केला. भिंत हळूहळू सुकत होती, पण दिसायला अगदी गरीब, डागाळलेली. समिती येणार त्याच्या आदल्या रविवारी मी घरी केस धूत होते, आणि दादाला माझी दया आली. लोकांसमोर बाईंची फजिती नको म्हणून त्याने खिडकीशेजारचा कोपरा सिमेंटने गुळगुळीत केला आणि वर ऑइल पेंटही मारला! सोमवारी मी त्याला काय काय बोलले ते या कागदावर लिहिण्यासारखे नाही. तो बिचारा थापी हातात घेऊन उभा. “बाई, तुमच्यासाठीच केलं हो.”

त्यात समितीची तारीख पुढे ढकलली गेली. कोपरा उकरू म्हटले, तर काचसाहेबांनी कामावर बंदी आणली, आहे तसेच दाखवा म्हणून. समिती येईपर्यंत बाकी भिंत पांढरी होत गेली आणि तो कोपरा फुगून काळवंडला. मला वाटले, संपले सगळे.

समितीच्या अध्यक्ष म्हणजे एक मितभाषी न्यायाधीश बाई. मी त्यांच्यासमोर आयुष्यातली पहिली आणि शेवटची सिगारेट पेटवली. खोकून खोकून जीव गेला. “बाई! इथे धूम्रपानाला बंदी आहे!” काचसाहेब ओरडले. “म्हणूनच धूर निघालाय बाहेर, साहेब. वर बघा.” धूर छताखालून सरळ झरोक्यात शिरला आणि नाहीसा झाला. मग अध्यक्षांनी विचारले, “हा एकच कोपरा असा का?” गवंडीदादा पुढे झाला. “तो माझा, बाईसाहेब. सिमेंट आणि रंग. या नको म्हणत होत्या, मी चोरून केलं.” अध्यक्षांनी एक तळहात चुन्याच्या भिंतीला लावला, एक कोपऱ्याला. पुन्हा लावला. मग म्हणाल्या, “सगळ्यांनी लावून पाहा.” सगळ्यांनी लावला. एकटे काचसाहेब खिशात हात घालून उभे राहिले. “मला गरज नाही,” म्हणाले.

त्याच आठवड्यात बोर्ड उतरला. कारकुनांनी टेबलांवर शिक्के आपटून असा दणदणाट केला की मनोऱ्यातली कबुतरे उडाली. हो, ती परत आली होती. जिंकलो आम्ही! माझ्या एकट्या भिंतीने कोणाचीही खात्री पटली नसती, शेजारी दादाचा कोपरा होता म्हणून पटली. हे मी त्याला आजवर तोंडावर सांगितले नाही, कारण तो डोक्यावर बसेल. आता सांगते.

सबब, माझ्या पश्चात सदर घर, हौद व माळ्यासह, गवंडीदादाच्या मुलीला मिळावे. ती स्वतः आज पट्टीची गिलावा कारागीर आहे आणि नगर कार्यालयाच्या भिंती तिच्याच हाताखाली आहेत. तिने खाली चुन्याचा कारखाना घालावा, वर राहावे. अट एकच, घरावर आणखी मजला चढवायचा नाही. तिने किंवा तिच्या वारसांनी चढवल्यास घर नगर कार्यालयाकडे जाईल. दादाने ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यासमोर तिचा माल नावाजावा किंवा मोडीत काढावा, तो त्याचा हक्क अबाधित राहील.

कलम दुसरे. माझा ओळंबा, थापी आणि खरवडायच्या पट्ट्या त्याच मुलीला. ओळंब्याची दोरी बदलावी, गोळा बदलू नये.

कलम तिसरे. माझी बचत अर्धी धाकट्या बहिणीला, अर्धी भाच्याला. भाचा वाईट नाही. माझ्या आजारपणात तोच धावत आला होता, फक्त येताना बिल्डरलाही घेऊन आला. बाळा, घर दिले नाही म्हणून रागावू नकोस. उन्हाळ्यात कधी नोंदणी खोलीत येऊन बस, मावशीने काय केले ते अंगाला कळेल.

कलम चौथे. रेडिओ बहिणीला. लहानपणापासून माझी प्रत्येक वस्तू तिला हवी असते, ही एक तरी मिळू दे.

कलम पाचवे. ‘इमारत धोकादायक’ हा बोर्ड मी तेव्हा मागून घेतला होता. गेली कित्येक वर्षे तो माझ्या स्वयंपाकघरात फळी म्हणून डबे सांभाळतो आहे. तो काचसाहेबांना द्यायची फार इच्छा होती. पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून तो भाच्याला. त्याने आपल्या ऑफिसात लावावा.

कलम सहावे. ही इमारत माझी नाही, तरी एक सूचना. नोंदणी खोलीतला तो सिमेंटचा कोपरा कोणीही दुरुस्त करू नये. शंका येईल त्याने दोन्हीकडे हात लावून पाहावा.

आता साक्षीदारांबद्दल. भाचा कोर्टात जाईल आणि म्हणेल की मावशीला वेड लागले होते. जाऊ दे. काचसाहेब हल्ली बाराव्या मजल्यावर काचेच्या घरात राहतात आणि दुपारी तिथे भाजून निघतात, म्हणून रोज आमच्या इमारतीच्या व्हरांड्यात वारा खायला येतात. मी त्यांना चहा पाजते आणि टोमणे मारते. गेल्या आठवड्यात त्यांना म्हटले, साक्षीदार व्हा.

“मी? मीच का?”

“माझ्या डोक्याचे सगळ्यात जुने जाणकार तुम्ही. तुम्ही शहाणी म्हणालात, तर कुठलं कोर्ट वेडी म्हणेल?”

त्यांनी चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, “सही करीन. पण त्या भिंतीला हात लावणार नाही.” मी म्हटले, जशी मर्जी. मृत्युपत्राला भिंत लागत नाही.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे. मी हरले नाही, हे लिहिण्यासाठी वेगळे कलम लागत नाही, पण लिहिले म्हणून बिघडत नाही.

(सही) निवृत्त दुरुस्ती अभियंता

ठिकाण : नगर कार्यालय, नोंदणी खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : वर शिक्क्यात आहे तोच

साक्षीदार दुसरे, आधी निघायचे म्हणून आधी : यांना मी तपासले आहे. स्मरणशक्ती उत्तम, रक्तदाब ठीक, राग भरपूर.
(सही) डॉक्टर

साक्षीदार पहिले : या बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत आणि माझ्या माहितीप्रमाणे नेहमीच होत्या. याविरुद्धचे माझे पूर्वीचे मत चुकीचे होते, हेही नोंदवून घ्यावे. भिंत कोरडी आहे. आत्ता हात लावून पाहिली.
(सही) निवृत्त मुख्य अभियंता