पैसे भरून जुळवलेली जोडी

मंगळवार, संध्याकाळ. धुळे, बहिणीकडे.

माझा गेममधला जोडीदार इम्रान जळगावहून फोनवर स्पष्टच बोलला, "भाऊ, फुकटवाल्या गेममध्ये मी नाही येत आता. सगळे चोर भरलेत तिथं. पैसे भर, मग खेळू सोबत."

हे नवीन निघालंय. थोडे पैसे भरले की गेम आपली जोडी पैसे भरलेल्यांशीच जुळवतो. कोणी हॅक वापरून फसवताना सापडला की त्याचे पैसे बुडाले. फुकटात काय, खातं बंद झालं तरी चोर पाच मिनिटांत दुसरं उघडतो.

बहिणीला, अक्काला, हे सांगितलं तर तिला वाटलं लग्नाचंच. "पैसा भरीसन जोडी जुळाडतस? मंग पोऱ्या खरा शे कशावरून?" मी हसून हसून लोळलो. पण खरंच, पोरगा खरा आहे हे कशावरून?

पाच मिनिटं मला बरोबर माहीत, कारण माझं खातं बंद झालं तेव्हा मीच उघडलंय तसं दुसरं. भिंतीपलीकडचा माणूस दाखवणारा हॅक आजपर्यंत फोनमध्ये पडून होता. वापरत नव्हतो, पण असू दे म्हणून... इम्रानला यातलं काही माहीत नाही.

शेवटी भरले पैसे. भरल्याबरोबर भीती वाटली आणि हॅक उडवून टाकला. मग काल फुकटात का नाही उडवला? अक्काला आता काय सांगू? पोऱ्या खरा नव्हता, पावती आल्यावर झाला.