डाव्या दाराचा रंग

विश्रांतवाडी, पुणे
९ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतिका हिला आईचे खूप आशीर्वाद.

तू आणि माझी नात नंदू बऱ्या असाल. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. हातात फोन असताना आईला पत्राचं काय सुचलं, असं तुला वाटेल. अगं, फोन लागला की तुझे बाबा शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि स्पीकर लावायला लावतात. तुझ्याशी एकटीनं बोलायचं तर कागदच उरला.

चकलीची भाजणी दळून आणली. माझा गुडघा आहे तसाच आहे. तुमच्या खोलीतला पंखा आवाज करतो, तो तुम्ही दिवाळीला येईपर्यंत दुरुस्त होईल असं बाबा म्हणतात. होणार नाही. कारण त्यांची ती जुनी फियाट गाडी.

उन्हाळ्यापासून माझ्या घराला थिनरचा वास आहे. वरणाला येतो, चादरींना येतो, परवा देवापुढच्या उदबत्तीलासुद्धा आला. इंजिन मेकॅनिकनं करून दिलं, ते एक बरं झालं. उरलं होतं गंजलेलं डावं दार. गॅरेजवाला म्हणाला, "काका, सगळी गाडीच रंगवून घ्या, नाहीतर दार वेगळं दिसेल." तर हे म्हणतात, "गंज दाराला लागलाय. बाकीच्या गाडीनं काय पाप केलंय?" मग घरीच सगळं मांडलं. घासायचा कागद, पुट्टी, रंग फवारायला भाड्याचा कॉम्प्रेसर. सोसायटीच्या सेक्रेटरीनं फलकावर 'पार्किंग हे पार्किंगसाठी आहे' अशी सूचना लावली. बाबांनी ती वाचली आणि तिच्याखालीच डबे ठेवले.

फियाटच्या मूळ क्रीम रंगाचा डबा आणला, तर तो जुळेना. दुकानदाराची चूक नव्हती. सगळी गाडी इतकी वर्षं उन्हात राहून फिकी पडलेली, डबा मात्र कोरा. मग थेंब पिवळा घाल, थेंब काळा घाल, दारावर एक पट्टा मार, असं सुरू झालं. आणि दर पट्ट्याला खालून हाक. "अगं, बघ गं, जमला का?"

मी भाकरी थापत असायचे, नाहीतर कपडे वाळत घालत. दोन जिने उतरायला माझा गुडघा तयार नाही. गॅलरीतून ओरडायचे, "जमला, जमला!" मला वाटायचं, यांना शाबासकी हवीय. या वयात किती शाबासक्या द्यायच्या माणसाला? दमले गं मी. बाबा सकाळी उठले की खाली, झोपायच्या आधी पुन्हा खाली. मी म्हणायचे, चालले गाडीला झोपवायला.

दसऱ्याला गाडीला हार घालायचा म्हणून जिना उतरले. पहिल्या मजल्यावरच्या इंदुबाई सोनं द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, हे दार दुसऱ्या गाडीचं बसवलंत का हो?" तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. गाडी क्रीम आणि डावं दार म्हणजे लोण्यात हळद सांडावी तसं. मला इतकी लाज वाटली आणि लाजेचा झाला राग. इंदुबाईंच्या देखत मी म्हणाले, "अहो, डोळे फुटलेत का तुमचे? एवढं पिवळं दिसत नाही?"

इंदुबाई सटकल्या. बाबा हातात फडकं घेऊन उभे राहिले. नेहमीसारखे उलटून बोलले नाहीत. म्हणाले, "तू जमला म्हणालीस ना?"

"मी कुठे बघितलं होतं!"

"मला वाटलं, बघून सांगतेस."

मग त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडून एक औषधाची बाटली माझ्या हातात दिली. डोळ्यांत घालायचे थेंब. सकाळ-संध्याकाळ ते घालायला खाली जात होते, ऋतिका. मला कळू नये म्हणून औषध गाडीत ठेवलं होतं. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. श्रावणात बसनं एकटेच जाऊन दाखवून आले. कडेचं दिसणं गेलंय आणि गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. थेंब आहेत ते उरलेलं टिकवायला. गाडी चालवायची नाही, असं बजावलंय. आणि पिवळा कुठे संपतो, पांढरा कुठे सुरू होतो, हे त्यांना आता कळत नाही. म्हणून मला हाका मारत होते.

दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, पाण्याचा तांब्या पायानं उडायचा, त्या प्रत्येक वेळी मी हेच ओरडलेय, डोळे फुटलेत का. त्या दिवशी श्रीखंडाची वाटी मी तशीच झाकून ठेवली. फार वाईट वाटतंय गं. चिडचिड करायलासुद्धा अंगात त्राण नाही.

त्यांनी मला गळ घातली, "ऋतिकाला सांगू नकोस. तिला आणि नंदूला एकदा विमानतळावरून या गाडीतून आणतो, मग किल्ली ठेवून देतो. विमानतळ काय, इथं तर आहे." मी बरं म्हणाले. तेही गॅलरीतून 'जमला' म्हणायचे तसंच, न बघता. नंतर डोळ्यांपुढे आलं, पुढच्या सीटवर नंदू बसलीय आणि डावीकडून रिक्षा घुसतेय. आपल्या आळंदी रोडवर रिक्षा कशा घुसतात, तुला माहीत आहे. ती यांना दिसायचीच नाही.

तेव्हापासून रोज दुपारी गुडघ्याला पट्टा बांधून खाली उतरते. प्लास्टिकची खुर्ची टाकून उन्हात बसते. ते रंग कालवतात, मी सांगते. त्यांना दुकानातली नावं कळतात, मला स्वयंपाकघरातली. "साय झाली. अजून ताकाकडे न्या." ते म्हणतात, "ताक आंबट की गोड?" काल लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझं सगळं ऐकलं. तरी भर उन्हात दार जरा वेगळं दिसतंच. मी तसं सांगितलं. हो, वाईट वाटलं त्यांना.

तेव्हा आता तूच त्यांना सांग, विमानतळावर येऊ नका म्हणून. गाडी मी चालवणार, असा हट्ट कर. रडू नकोस आणि कीव तर अजिबात करू नकोस, ती त्यांना सोसणार नाही. भांड. भांडण त्यांना चालतं.

इथं पाकीट बंद करणार होते, पण हात होईना. त्यांनी माझ्यापासून लपवलं, मी त्यांना न बघता सांगत राहिले, आता त्यात हे चोरून पाठवायचं? म्हणून त्यांना समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाले, "ते डोळे फुटलेत का, हे लिहायलाच हवं होतं का?"

"खोडू का?"

"राहू दे. म्हणालीस ना."

आणि पेन मागितलं. त्यांच्या ओळी माझ्या ओळींवर चढल्यात, सांभाळून वाच.

तुझी,
आई

ऋतिका,
मी विमानतळावर येत नाही. रिक्षा करून या. गाडी फाटकापाशी पुसून ठेवतो. तू चालव, मी शेजारी बसेन, नंदूला मागे बसव. गिअर स्टिअरिंगलाच आहे, बावचळू नकोस. क्लच जड आहे, पाय अर्धवट ठेवायचा नाही.
डावं दार अजून थोडं पिवळं आहे. आईनं खाली येऊन बघून सांगितलं.
बाबा