सावरीच्या कापसाची वात

मंगळवार, १ ऑगस्ट २०१७

माझ्या मेहुण्याची, रोमुलोची, व्हेपची टाकी, म्हणजे बोटभर रसाची कुपी, आज पुन्हा गळली. दुजोरा खुद्द अनिसेतोंचा, कारण टाकी त्यांच्याच खिशात होती. पांढरा शर्ट, डाव्या बाजूला बशीएवढा डाग, आंब्याचा वास. ई-सिगरेट ओढणाऱ्यांच्या आमच्या सिलाय गावच्या व्हेप क्लबचे हे अध्यक्ष कस्टममधून निवृत्त झाले, आणि तिथे तीस वर्षांत ते कुणाकडे बघून हसल्याची नोंद नाही. आज मात्र हसले. म्हणाले, "तुमच्या मेहुण्याला सांगा, माझ्या खिशाला तहान लागली नव्हती."

मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, खिसा वाकडा शिवलेला असणार.

गुरुवार, ३ ऑगस्ट

बाजारात टाक्या तयार मिळतात. त्या वापरायला आमच्या क्लबला कमीपणा वाटतो. टाकी अशी हवी की आतली वाफ करणारी तार स्वतः वळायची, तिला रस पोचवणारी वात स्वतः भरायची. म्हणजे गळली की दोषही स्वतःचा. माझ्या बायकोच्या, फेलीच्या, या धाकट्या भावाने त्याच्यावर ताण केली. एकोणीस वर्षं साखर कारखान्यात लेथवर उभा आहे, हात सोन्यासारखा. त्याने अख्खी टाकीच स्वतः कातली. दोष तेवढा खिशाचा!

रविवार, ६ ऑगस्ट

आज क्लबची परीक्षा. नियम साधा. चर्चमध्ये सातच्या मिसाला, रविवारच्या प्रार्थनेला, जाण्याआधी बेकरीवरच्या हॉलमध्ये पांढरे रुमाल अंथरायचे, रसाने भरलेल्या टाक्या त्यांवर आडव्या ठेवायच्या, कुलूप लावायचं, किल्ली अनिसेतोंकडे. मिसाहून परत आलं की रुमाल बघायचे. कोरडा म्हणजे पास. प्रवचन लांबलं तर अपील चालत नाही.

फादरनी आज लोभावर पन्नास मिनिटं घेतली. मागच्या बाकांवरची माणसं पापाच्या नव्हे, रुमालाच्या काळजीने घामाघूम.

रोमुलोच्या तीन टाक्या, तीन डाग. मधला हुबेहूब आमच्या नेग्रोस बेटासारखा. कुणीतरी त्यावर बोटाने बाकोलोद शहर कुठे ते दाखवलं. सगळे हसले. मीही हसलो, हे फेलीला कळायला नको.

तेव्हा रोमुलो उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला की वीस तारखेला याच तीन टाक्या कोरड्या निघाल्या तर दुसऱ्या दिवशी कारखाना सोडेन आणि जन्मभर टाक्याच करीन. अनिसेतोंनी लगेच जोडलं: पास झालास तर सव्वीसला मनिलाच्या व्हेप मेळ्यात क्लबतर्फे प्रात्यक्षिक तुझं. टाळ्या झाल्या. हसणाऱ्यांनीच वाजवल्या.

सोमवार, ७ ऑगस्ट

फेली सकाळपासून धुसफुसते आहे. नोकरी सोडली तर आईला कोण सांभाळणार? आणि पुन्हा हसू झालं तर तो तोंड कुठे दाखवणार? "अहो, दोन्ही होणार नाही असं काहीतरी करा."

म्हणजे टाकी गळायला नको आणि कोरडीही राहायला नको, एवढंच ना, असं मी विचारलं. जेवणात मीठ नव्हतं.

राजीनाम्याची मला धास्ती नाही. रोमुलोने २००९ मध्ये गिटारी बनवण्यासाठी दिला होता, २०१३ मध्ये बदकांसाठी. दोन्ही तोंडी, भात वाढून घेताना.

बुधवार, ९ ऑगस्ट

रोमुलोच्या घरी गेलो. घरच्या छोट्या लेथवर वाकलेला. वातीच्या खाचा अरुंद केल्यात, हवेची भोकं तळातून वर उचललीत, दुहेरी रबरी कड्या, आणि रस भरताना खालची वाट बंद करणारी एक फिरती चकती. आटे असे की झाकण एका बोटाने फिरतं. बघत राहावं असं काम.

एवढं करूनही गळते. आणि वर घसाही जाळते! ज्या टाकीतून रस बाहेर वाहतो तिची वात कोरडी कशी राहते, हे मला कळेना.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

कळलं. सासूबाई ओसरीत गादीची शिवण उसवत बसल्या होत्या. आतून सावरीचा कापूस काढून परातीत ठेवत होत्या, शेजारी रोमुलो त्याच्या वाती वळतोय. अख्खं जग साध्या कापसाची वात करतं, क्लबात तर जपानहून आलेल्या कापसाच्या घड्या वापरतात. रोमुलोला तो अपमान वाटतो. घरामागे बाबांनी लावलेली सावर उभी असताना जपानी कापूस कशाला? त्यातून हा कापूस रेशमासारखा मऊ, आणि आईच्या हातचा.

सासूबाईंनी मला कॉफी दिली आणि म्हणाल्या की पोराच्या कामात आपलाही हात लागतोय, याचं बरं वाटतं. गादी निम्मी झाली होती.

शनिवार, १२ ऑगस्ट

घरी बशीत प्रयोग केला. साध्या कापसावर रसाचा थेंब टाकला, तो पिऊन टाकला. सावरीच्या कापसावर टाकला, तो मोत्यासारखा वरच बसून राहिला. हलवला तर घरंगळला! कोळ्यांच्या जुन्या तरंगत्या जॅकिटांत हाच भरायचे, पाणी आत येऊ नये म्हणून. तो रस पिणार कसा? तो रसाला वाट करून देतो आणि स्वतः कोरडा राहून जळतो.

बशी घेऊन रोमुलोकडे गेलो. त्याने बशीकडे बघितलंही नाही.

"दाजी, तुम्ही पेपरात होतात. तुम्हाला लेथमधलं काय कळतं?"

"मी लेथचं बोलत नाहीये. कापसाचं बोलतोय."

"आईसमोर बोलाल?"

आई आतच होती. मी बशी रुमालात गुंडाळून घरी आणली.

रविवार, १३ ऑगस्ट

रुमाल. डाग. फादर आज वीसच मिनिटं बोलले, तरीही.

बुधवार, १६ ऑगस्ट

रोमुलोने मला वापरायला दिलेल्या टाकीतली वात काढून साधा कापूस भरला. चार दिवस झाले. खिशात, उशीखाली, फ्रीजवर, एकदा चुकून फेलीच्या पर्समध्ये. थेंब नाही. चव स्वच्छ, वाफ दाट, हवा हवी तेवढी. लिहायला जड जातंय, पण लिहितो: इतकी चांगली टाकी मी पाहिलेली नाही. दुसऱ्या कुणी केली असती तर एव्हाना गावभर सांगत सुटलो असतो.

शनिवार, १९ ऑगस्ट

आमचं घर चर्चला लागून, म्हणून रोमुलो सकाळीच तिन्ही टाक्या ठेवून गेला. वाती घातलेल्या, रस उद्या भरायचा. फेली बाजारात.

मी चिमटा हातात घेतला. आतली सावर उपसली, साधा कापूस ओवला. वातीची टोकं खाचेत सैल नको, ठासूनही नको. सैल राहिली तर गळते, ठासली तर जळते. वरची टोपी बसवली की आत काय आहे ते दिसत नाही. चाळीस मिनिटांत तिन्ही झाल्या.

एकतीस वर्षं पेपरच्या डेस्कवर हेच तर केलं. बातमीदाराची वाक्यं आतून बदलायची, वर नाव त्याचंच ठेवायचं. एकानेही कधी तक्रार केली नाही. बहुतेकांना पत्ताच नसायचा. उपसलेली सावर खिडकीतून सोडून दिली. एक पुंजका घंटेच्या मनोऱ्यापर्यंत गेला.

रविवार, २० ऑगस्ट

कोरडे! तिन्ही. फादर पंचावन्न मिनिटं बोलले तरी.

अनिसेतोंनी रुमाल उजेडात धरले, हुंगले, गालाला लावून बघितले. मग घडी घालून रोमुलोच्या हातात दिले. रोमुलो रडला. म्हणाला, हे माझ्या आईच्या गादीचं यश आहे. सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला. त्या आठवडाभर चटईवर झोपतायत, हे त्या शेजारणीला अभिमानाने सांगत होत्या.

ज्यांच्या कपाटात जपानी घड्या आहेत ते सगळे पान्सितच्या, परतलेल्या शेवयांच्या, ताटाशी सावरीचे गुण गात होते. एकाने तर आपण आधीपासूनच हे म्हणत होतो असं सांगितलं. फेलीने टेबलाखालून माझा हात दाबला. मी पान्सित दोनदा घेतलं. पोट आणि मन, दोन्ही भरलेलं.

मंगळवार, २२ ऑगस्ट

सासूबाईंची दुसरी गादीही उसवली. मनिलासाठी.

बुधवार, २३ ऑगस्ट

रोमुलोने सोमवारी राजीनामा दिला. लेखी. कारखान्याच्या हजेरी कारकुनाने फेलीला फोनवर सांगितलं: काल मंजूर झाला, लेथवर दुसरा माणूस उभाही राहिला.

जेवण तसंच टाकून त्याच्याकडे गेलो. तो दोन पोत्यांत सावर भरत होता. सगळं सांगितलं, चिमट्यासकट. आई शेजारीच बसली होती, तिच्यासमोर.

तो पोत्यावर बसला. "म्हणजे टाकी गळत नव्हती?"

"टाकी कधीच गळत नव्हती."

सासूबाई उठल्या आणि एका पोत्यातली सावर मुठीमुठीने परत गादीच्या खोळीत घालायला लागल्या. रोमुलो त्यांच्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"तुम्ही येताय माझ्याबरोबर मनिलाला," तो म्हणाला. "जे केलंत ते तिथे सगळ्यांसमोर करून दाखवायचं. कुणी केलं, तेही सांगायचं."

उद्या दुपारी दोनची बोट. शनिवारी तीन वाजता, मेळ्यात माइकसमोर, आधी मी बोलायचं. मग तो.